परवापासून

बायको : पाय सारखे हलवू नका हो. मला या जमिनीशिवाय आणि तुमच्या पायांशिवाय काही दिसत नाही. निदान ते तरी एका जागी ठेवा.

चष्मेवाला : बरं.

बायको : आणि हे मोजे बघा. एक काळा, एक निळा. गिऱ्हाइकाला कुठल्या रंगाची फ्रेम शोभेल ते सांगणारा माणूस तो हाच का?

चष्मेवाला : घाईत घातले. तू मान वर करू नकोस.

बायको : कुठे करतेय? ऑपरेशन झाल्यापासून उशीच्या भोकात तोंड घालून पडलेय. नाकाचं भजं व्हायची वेळ आली.

चष्मेवाला : डॉक्टर म्हणाल्या ना, डोळ्यात हवा भरलीय. तिचा बुडबुडा वर चढतो. तू पालथी राहिलीस तर तो मागच्या पडद्याला जागेवर दाबून धरणार. मान वर केलीस की बुडबुडा सरकला, आणि पडदा पुन्हा सुटला. मग सगळं पहिल्यापासून.

बायको : कळलं हो. सकाळपासून चारदा सांगितलंत. तुम्ही काही खाल्लंत का?

चष्मेवाला : भूक नाही.

बायको : कालपासून नाही? इथे खाली कँटीन आहे म्हणे. नर्स सांगत होती, तुमच्या मिस्टरांना जरा बाहेर पाठवा, येरझाऱ्या घालून आमची फरशी झिजवताहेत.

चष्मेवाला : चेष्टा सुचते तुला.

बायको : मग काय करू? रडू नका म्हणून सांगितलंय. डोळ्याला चालत नाही.

चष्मेवाला : काल ती डॉक्टर मला काय म्हणाली, ऐकलंस ना तू?

बायको : ऐकलं. डोळा गेला होता, कान नाही.

चष्मेवाला : म्हणाली, काका, तुम्ही या धंद्यातले म्हणून बरं. दोन दिवसांत घेऊन आलात. नाहीतर लोक महिना महिना चष्मे बदलत बसतात आणि मग येतात.

बायको : तिला काय माहीत.

चष्मेवाला : चष्मे बदलत बसतात. हेच शब्द. आणि मी काय केलं सांगू? मान डोलावली. वर म्हणालो, हो ना, लोकांना कळतच नाही.

बायको : तुम्ही गोंधळला होतात.

चष्मेवाला : गोंधळलो नव्हतो. बरं वाटलं मला. पुरा एक क्षण बरं वाटलं, की ही एवढी शिकलेली बाई मला शाबासकी देतेय. तू तिकडे स्ट्रेचरवर, डोळ्याला पट्टी, आणि मी इथे शाबासकी घेतोय. घरी जाऊन आरशात बघवेना. दाढीसुद्धा केली नाही.

बायको : ते पायांवरून कळत नाही हो, नाहीतर बोलले असते.

चष्मेवाला : अजून आहे. या महिन्यात त्यांच्याकडे चष्मेवाल्यांची बैठक आहे. गावातले सगळे दुकानदार येणार. ती म्हणाली, काका, तुम्ही चार शब्द बोला. लक्षणं कशी ओळखली, वेळ कसा वाया घालवला नाही. तुमच्या तोंडून ऐकलं तर लोकांना पटेल.

बायको : मग?

चष्मेवाला : मग काय मग. हो म्हणालो.

बायको : अरे देवा.

चष्मेवाला : नाही कसं म्हणणार? नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. तू तिला छातीठोक सांगितलं होतंस, परवापासून दिसेनासं झालं. परवापासून. मी शेजारी उभा. तोंड उघडायला हवं होतं, की नाही हो, दोन आठवडे झाले, ही रोज सांगत होती. उघडलंच नाही. मूग गिळून बसलो.

बायको : तुम्हाला बोलू द्यायचंच नव्हतं मला. म्हणून तर घाईघाईनं सांगून टाकलं.

चष्मेवाला : का पण?

बायको : तिनं विचारलं, कधीपासून, आणि मी तुमच्याकडे बघितलं. धड होता त्या डोळ्यानं. तुम्ही दाराची कडी धरून उभे होतात. इतकी वर्षं झाली लग्नाला, असं तोंड कधी बघितलं नव्हतं तुमचं. म्हटलं, जाऊ दे. डोळा माझा आहे, काय सांगायचं ते मी ठरवीन.

चष्मेवाला : तुझा डोळा आणि माझी अब्रू. बरी वाटणी केलीस. अगं, दुसरं कुणी दुकानात आलं असतं, म्हणालं असतं की कोपऱ्यातून काळी सावली येते, आधी ठिणग्यांसारखं चमकत होतं, मग काळे ठिपके तरंगायला लागले, तर मी खुर्चीवर बसूसुद्धा दिलं नसतं. सरळ रिक्षात घालून इकडे पाठवलं असतं. किती जणांना पाठवलंय असं. आणि तू सांगितलंस तेव्हा मी काय केलं? काच बदलली.

बायको : पुरे आता.

चष्मेवाला : तुला फरक वाटेना, तर पुन्हा काच बदलली. मग म्हणालो, फ्रेम घसरते, नाकाच्या गाद्या नव्या बसवू. मग टेबलाच्या वर छताला लावलेला दिवा बदलला. दिवा. डोळ्यातला पडदा सुटत चाललाय आणि मी शिडीवर चढून दिवा बदलतोय.

बायको : दिवा मात्र छान लागला. गिऱ्हाइकंही म्हणतात.

चष्मेवाला : हसू नकोस गं. माझ्या पोटात खड्डा पडलाय.

बायको : तो भुकेनं पडलाय. ऐका. तुम्ही तपासला होतात माझा डोळा. अगदीच हयगय केली नव्हती.

चष्मेवाला : तीच तर गंमत आहे. रात्रभर तेवढ्या एकाच गोष्टीला धरून बसलोय मी. डावा डोळा झाकला, उजव्यानं तक्ता वाचायला लावला. तू शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत धडाधड वाचलास. एक अक्षर चुकलं नाही. म्हणून म्हटलं, नंबर ठीक आहे, डोळा ठीक आहे. चष्म्यातच खोट असणार. पण अर्धा पडदा सुटलेला डोळा तेवढं वाचतो कसा? हे कोडं मला सुटत नाही. तक्त्याचा उजेड कमी होता? मी नीट झाकलं नव्हतं?

बायको : नीट झाकलं होतंत.

चष्मेवाला : मग?

बायको : मला दिसत नव्हतं.

चष्मेवाला : म्हणजे?

बायको : म्हणजे दिसत नव्हतं. वरची दोन अक्षरं दिसत होती, खाली सगळा चिखल. पण सकाळी दुकान उघडलं की आधी आरसा कोण पुसतं, मग तक्ता कोण पुसतं? मला तो पाठ आहे हो. वरून खाली पाठ, खालून वर पाठ. तिसऱ्या ओळीतल्या ‘न’ला माशीनं टिंब दिलंय तेसुद्धा पाठ. म्हणून दाखवला.

चष्मेवाला : म्हणून दाखवलास.

बायको : हो.

चष्मेवाला : मला फसवलंस?

बायको : फसवलं म्हणा.

चष्मेवाला : अगं, मी रात्रभर स्वतःला खातोय. आणि तू. कशाला? काय मिळालं त्यातून? एवढा धंदा करतो मी, लहान पोरं म्हणून दाखवतात, ड्रायव्हिंगच्या परवान्यासाठी आलेले म्हणून दाखवतात, त्यांना मी पकडतो. तक्त्याची फळी उलटी करतो. तुला पकडायचं कशाला असेल? तू असं करशील हे डोक्यात तरी येईल का माझ्या?

बायको : आवाज खाली. बाहेर माणसं आहेत.

चष्मेवाला : असू देत.

बायको : कारण हवंय तुम्हाला?

चष्मेवाला : हवंय.

बायको : मग ऐका, आणि मध्ये बोलू नका. त्या दिवशी दुकानात शाळेच्या मोठ्या बाई बसल्या होत्या, मुख्याध्यापिका. त्यांच्यासोबत त्यांची सून. मी म्हटलं, अहो, जरा बघता का, उजव्या डोळ्यापुढे सावली येते. आठवतं?

चष्मेवाला : त्या बसल्या होत्या एवढं आठवतं.

बायको : तुम्ही काय म्हणालात ते आठवतं?

चष्मेवाला : नाही.

बायको : म्हणालात, बघा बाई, महिनाअखेर आली, माल मोजायची वेळ झाली, की हिच्या डोळ्यांपुढे सावल्या नाचायला लागतात. हिला नंबर नाही, हिला निमित्त लागतं.

चष्मेवाला : असं म्हणालो मी?

बायको : हसून म्हणालात. त्या बाईही हसल्या, सूनही हसली. मीसुद्धा हसले. मग तुम्ही म्हणालात, ये, बस खुर्चीवर, आज सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावू. बसले. तुम्ही डोळा झाकलात. समोर आरशात मागच्या भिंतीवरचा तक्ता, आणि मला काही दिसेना. काय करणार होते मी? नाही दिसत म्हटलं असतं, तर तुम्ही पुन्हा हसला असतात. त्या दोघीही हसल्या असत्या. म्हटलं, घ्या. वाचला धडाधड. तुम्ही म्हणालात, बघा, गरुडाचे डोळे आहेत हिचे.

चष्मेवाला : ते आठवतं. गरुडाचं.

बायको : त्यानंतर मला सांगायचीच लाज वाटायला लागली. स्वतःच वाचून दाखवलं होतं ना. मग नुसतं म्हणायची, चष्मा जरा बरोबर नाही वाटत. तुम्ही बिचारे काच बदलायचात. एके दिवशी चहा देताना डावा डोळा चोळत वर बघितलं, तर तुमच्या चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. कान आहेत, मधला चेहरा नाही. तेव्हा मात्र घाबरले. तेव्हा सांगितलं. आणि तुम्ही तसेच उठलात, गिऱ्हाईक बसलं होतं त्याला म्हणालात, नंतर या. शटर ओढलंत. ते विसरणार नाही मी.

चष्मेवाला : तू त्याचंही कौतुक करतेस?

बायको : जे केलंत ते केलंत.

चष्मेवाला : मला आठवतसुद्धा नाही गं. त्याचीच जास्त लाज वाटते. आठवत असतं तर म्हटलं असतं, एकदा चुकलो. आठवत नाही म्हणजे असं किती वेळा बोललो असेन. रोजचंच असणार. म्हणून आठवत नाही.

बायको : रोजचं नाही. अधूनमधून.

चष्मेवाला : दुसऱ्याच्या बायकांशी किती गोड बोलतो मी. बसा ताई, काय होतंय ताई, घाबरू नका ताई. त्याचेच पैसे घेतो.

बायको : इकडे या. असे नाही, खाली बसा. खुर्चीवर बसलात की नुसते मोजे दिसतात.

चष्मेवाला : बसलो.

बायको : आता चेहरा दिसतो. दाढी खरंच वाढलीय. पांढरी आहे सगळी.

चष्मेवाला : डावा डोळा ठीक आहे ना तुझा?

बायको : ठीक आहे. दिसतंय ना तुमची दाढी.

चष्मेवाला : चमकत नाही ना काही? काल डॉक्टरांनी विचारलं होतं.

बायको : नाही म्हटलं ना त्यांना.

चष्मेवाला : त्यांना म्हणालीस. मला सांग.

बायको : अहो, किती उलटतपासणी. पाठ अवघडली माझी, जरा चोळा.

(दारावर टकटक. डॉक्टर आत येतात, तरुण आहेत. चष्मेवाला जमिनीवरून उठू लागतो.)

डॉक्टर : बसा काका, बसा. तिथूनच काकूंशी बोलता येतं, मला माहितीय. काकू, मान दुखत असेल ना?

बायको : मानेचं काही नाही. यांच्याकडे बघा जरा, काही खाल्लं नाही यांनी.

डॉक्टर : काका, हे चालणार नाही. पुढचा आठवडाभर तुम्हीच नर्स आहात. आणि हो, बैठकीचं मी नक्की केलंय. सगळ्यांना कळवलं, की आपल्यातलेच एक जण बोलणार आहेत.

चष्मेवाला : डॉक्टर, ते राहू द्या. मला तुम्हाला एक सांगायचंय.

बायको : अहो.

चष्मेवाला : तू थांब. डॉक्टर, परवापासून नाही. दोन आठवडे झाले.

डॉक्टर : कशाला दोन आठवडे?

चष्मेवाला : सावली यायला लागली त्याला. त्याच्याही आधी चमकत होतं, ठिपके दिसत होते. ही मला सांगत होती आणि मी काचा बदलत होतो. महिना महिना चष्मे बदलत बसतात म्हणालात ना, तो मी. हिनं तुम्हाला खोटं सांगितलं ते माझं तोंड काळं होऊ नये म्हणून. मी शेजारी उभा राहून ऐकून घेतलं. तुम्ही शाबासकी दिलीत, तीही घेतली.

डॉक्टर : हं.

चष्मेवाला : बोला काहीतरी. रागवा.

डॉक्टर : मला काल ऑपरेशन करतानाच कळलं होतं, काका. पडद्याला बारीक घड्या पडायला लागल्या होत्या. दोन दिवसांत तशा पडत नाहीत.

चष्मेवाला : मग विचारलं का नाहीत?

डॉक्टर : विचारायला हवं होतं. तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडे पेशंट पाठवता. म्हटलं, बाहेर येऊन तुमच्या तोंडावर कसं विचारू, तुम्हाला अवघड होईल. त्याऐवजी आपलं कौतुक करून मोकळी झाले, आणि वर भाषणाचं काढलं. म्हणजे बघा, माझंही काही फार बरं वागणं नाही.

चष्मेवाला : आता काय होणार, ते खरं सांगा. काल म्हणाला होतात, नव्वद टक्के नजर परत येईल.

डॉक्टर : ते काल म्हणाले. खरं सांगते. सावली जाईल. माणसं दिसतील, दार-खिडकी दिसेल, रस्ता दिसेल. पण मधला नाजूक भाग बरेच दिवस सुटून राहिला होता. त्या डोळ्यानं बारीक अक्षर वाचता येईलच असं नाही. फ्रेमचा स्क्रू बसवणं कठीण जाईल. आणि घड्या वाढल्या तर पडदा पुन्हा ओढला जाऊ शकतो, म्हणून मी काकूंना ठरवलं होतं त्याहून लवकर लवकर बोलावणार.

बायको : स्क्रू हे बसवतील. मी गल्ल्यावर बसेन.

चष्मेवाला : ऐकलंत? अशी आहे ही. डॉक्टर, अजून एक. मी हिचा डोळा तपासला होता. लोकांसमोर, थट्टा करून. हिनं सावली येते म्हटलं तर मी गिऱ्हाइकाला सांगितलं, हिला निमित्त लागतं. मग हिनं तक्ता पाठ म्हणून दाखवला. माझ्या हसण्याला घाबरून.

बायको : हे सांगायची काय गरज होती? घरातलं घरात राहिलं असतं.

चष्मेवाला : घरात राहिलं म्हणूनच डोळा गेला.

डॉक्टर : गेला नाही अजून. काका, तुम्ही हे सांगितलंत ते बरं केलंत, आणि त्याला कारण आहे. काकू, तुम्हीही नीट ऐका. काल मी तुमचा डावा डोळाही बघितला. पडद्याच्या कडेला एक जागा विरळ झालीय, वापरून झिजलेल्या कापडासारखी. अजून फाटलेली नाही. तिथे काही होत नसेल तर मी नुसतं लक्ष ठेवायचं म्हणते. पण चमकत असेल, तर तिथे ओढ बसतेय असा अर्थ. मग थांबायचं नाही. आजच लेझर करायचं, त्या जागेभोवती पक्कं करून टाकायचं. दहा मिनिटांचं काम आहे, तेवढ्यापुरती मान वर केलेली चालेल. पण फाटून सुटला, तर याही डोळ्याचं हेच सगळं. म्हणून पुन्हा विचारते. डाव्या डोळ्यात चमकतं का?

बायको : नाही.

डॉक्टर : नक्की?

बायको : नाही हो. छान दिसतं.

चष्मेवाला : डॉक्टर, हिला विचारू नका. थेट लेझर करून टाका.

डॉक्टर : असं नाही करता येत, काका. मला हे काकूंकडूनच ऐकायला हवं. डोळ्यात काय चमकतं ते मला दुर्बिणीतून दिसत नाही, ते फक्त त्यांनाच दिसतं.

चष्मेवाला : अगं, ऐक. मी इथे खाली बसलोय, तुझ्या तोंडासमोर. दाढी दिसतेय ना? हा आवाज ओळखतो मी तुझा. छान दिसतं, छान चाललंय, मला काही नको. आजवर मला तो सोयीचा होता म्हणून ऐकून घेत आलो. आता तो माझ्यासाठी काढू नकोस. मला वाईट वाटेल म्हणून, आणखी एक ऑपरेशन झालं तर दुकान बंद राहील म्हणून, डॉक्टर काय म्हणतील म्हणून. त्यांना सगळं कळून चुकलंय. माझी जी काही अब्रू होती ती आत्ता या खोलीत गेली, आता तिला सांभाळायचं काम उरलं नाही. मला लाज वाटतेय, वाटू दे. ती माझी आहे, मी वाहीन. हा डोळा माझ्यापायी घालवू नकोस.

डॉक्टर : काकू, सावकाश. मी थांबलेय.

बायको : डॉक्टर, जरा दार लावता का?

डॉक्टर : लावलं.

बायको : अहो.

चष्मेवाला : बोल.

बायको : तुम्ही हसणार नाही ना?

चष्मेवाला : नाही.

बायको : सकाळपासून चमकतंय. डाव्या डोळ्यात, बाहेरच्या बाजूला. आत्ता बोलतेय तेव्हाही.